आदिवासी तरुणांचे स्वास्थ्य : दिनदर्शिका कोणाची?

दिवाळी सरली, की मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीरच्या फाट्यावरून मजुरांनी भरलेल्या मालमोटारी जाऊ लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, धान्याची पोती, दोन-चार शेळ्या आणि या साऱ्यावर दाटीवाटीने बसलेली माणसे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, एकट्या माणसावर नव्हे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या उसावर जात आली आहेत. बारडोली परिसरातील या खानदेशी मजुरांविषयी यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून विस्ताराने लिहिले आहे. मालमोटारीतल्या गर्दीत ओठावर नुकती मिसरूड फुटलेली मुले आणि नव्या लुगड्यातल्या मुलीही असतात.

नेमक्या याच महिन्यांत शासनाचे आरोग्य खाते शाळांतून आणि गावांतून किशोरवयीनांच्या तपासणीत गुंतलेले असते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. दहा ते एकोणीस या वयोगटासाठी पोषण, प्रजनन-आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व इजा आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय त्यात आहेत. कागदावर त्यात उणे काढावे असे फारसे काही नाही. मुलांतूनच निवडून तयार केलेले सोबती आहेत, शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' नावाची सल्ला केंद्रे आहेत, आठवड्यातून एकदा द्यावयाची लोहाची निळी गोळी आहे. परंतु ज्याच्यासाठी हा खटाटोप आहे, तो मुलगा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गावात नसतो. शिबिराच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले जाते, आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्याचे रूपांतर 'अल्प प्रतिसाद' या शब्दांत होते.

तोच मुलगा होळीला मात्र गावी परततो. सातपुड्यातून गेलेला मजूर कितीही दूर असो, मुकादमाशी भांडून, प्रसंगी मजुरी बुडवूनही तो होळीला घरी येतो. तेव्हा आदिवासी तरुणांच्या स्वास्थ्याचे काम करायचे, तर दिनदर्शिका कोणाची धरायची, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. तारखांबरोबर भाषा कोणाची, मध्यस्थ कोण आणि अधिकार कोणाचा, हेही त्यातच ठरते.

आधार म्हणजे सजावट नव्हे

आपल्याकडे 'संस्कृतीशी सुसंगत कार्यक्रम' म्हटले, की उद्घाटनाला ढोल, पाहुण्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि मंचासमोर मुलींचे नृत्य एवढेच डोळ्यांपुढे येते. नृत्य संपते, मुली खाली बसतात आणि मग साहेब प्रमाण मराठीत रक्तक्षयावर बोलू लागतात. शहादा परिसरातील चळवळीत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत याच अनुभवावर बोट ठेवले. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांना व्यासपीठावर जागा नसते.

'स्वास्थ्य' या शब्दाची फोड केली तर स्वतःच्या ठायी स्थिर असणे, असा अर्थ निघतो. रोगाचा अभाव हा त्याचा एक भाग झाला. न्यूझीलंडमधील माओरी वैद्य मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात नेमके हेच घराच्या रूपकातून मांडले. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक जीवन या चार भिंती. एक खचली, की घर खचले. त्या देशाच्या आरोग्यविषयक धोरणांत आज हे रूपक रुळले आहे. कॅनडातील पुरावा याहून बोचरा आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासी समूहांतील तरुणांच्या आत्महत्यांचा मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला व तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. काही समूहांत हे प्रमाण भयावह होते, तर काहींत पाच वर्षांत एकही घटना नव्हती. ज्या समूहांकडे स्वशासन होते, जमिनीच्या हक्कासाठी ज्यांचा लढा चालू होता, शाळा, दवाखाना, संरक्षणाच्या सेवा ज्यांच्या हाती होत्या आणि ज्यांनी आपली सांस्कृतिक केंद्रे राखली होती, तेथे आत्महत्या नव्हत्या किंवा अत्यल्प होत्या. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही तरुणाला आपला भूतकाळ आणि भविष्यकाळ जोडलेले दिसले तर तो तग धरतो, या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

देवी, आप आणि शहाद्याच्या बाया

इतक्या दूर जाण्याचीही खरे तर आवश्यकता नाही. खानदेशाच्या मातीत याची उदाहरणे शंभर वर्षांपासून आहेत. ती आरोग्याच्या इतिहासात नोंदली जात नाहीत एवढेच.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरी मोहाची दारू गाळण्यास बंदी आली आणि दारूचा व्यवहार मक्तेदारांच्या दुकानांत गेला. सणाला, देवाच्या धारेला, पाहुण्याला लागणारी वस्तू आता उधारीवर मिळू लागली, आणि उधारीमागोमाग जमीन जाऊ लागली. आदिवासी 'मूळचाच दारुडा' आहे असे सांगणाऱ्यांनी हा कायदा आणि त्यानंतरची कर्जे शेजारी ठेवून पाहावीत.

१९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छिमारांत देवीच्या, म्हणजे गोवर-कांजिण्यांहून भयंकर अशा त्या साथीच्या, शांतीसाठी सुरू झालेला एक विधी डोंगर ओलांडीत डांग, सुरत आणि पश्चिम खानदेशापर्यंत पोहोचला. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देई. दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, घरे स्वच्छ ठेवा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी काही आठवड्यांत दारू टाकली. कोणी अधिकारी आला नव्हता, कोणी पत्रके वाटली नव्हती. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या देवी चळवळीवर १९८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काही काळाने अनेक जण पुन्हा दारूकडे वळले, हेही त्यात नोंदलेले आहे. व्रत पाळणारे 'वरजेला' आणि सोडणारे 'सरजेला' अशी दोन नावेच पडली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हा तपशील ओळखीचा वाटेल. व्यसन सुटते, पुन्हा जडते, आणि त्याला समाजाने शब्द दिलेला असतो.

त्यानंतर दीड दशकाने तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांभोवती लोक जमू लागले. दर सोमवारी आरती होई. परस्परांना 'आप' म्हणावे, रोज अंघोळ करावी, दारू सोडावी, हा उपदेश. सावकार आणि अंमलदार ज्यांना 'अरे-तुरे' करीत, ते भिल्ल एकमेकांना 'आप' म्हणू लागले. आजच्या परिभाषेत याला आत्मसन्मानाची जोपासना म्हणता येईल, परंतु त्या एका शब्दात जे होते ते परिभाषेत मावणारे नाही. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले. आप परंपरेला मानणारी कुटुंबे आजही या भागात आहेत.

१९७०च्या दशकाच्या आरंभी शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भिल्लांची चळवळ उभी राहिली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण बायकांची शिबिरे भरली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न काढला तो मारहाणीचा आणि दारूचा. मग त्या गावोगाव फिरल्या आणि गुत्त्यांवरची मडकी फोडली. मजुरीच्या लढ्यातून दारूबंदी निघाली. आरोग्य विभागाच्या कुठल्याही आराखड्यात असा रस्ता दाखवलेला नसतो.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. बाहेरून आलेली बंदी आणि आतून घेतलेले व्रत यांतला भेद. बंदी चोरून मोडता येते. व्रत मोडणाऱ्याला आपल्याच माणसांना तोंड दाखवायचे असते.

पाळणीतले तरुण

व्रताची ही परंपरा इतिहासजमा झालेली नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात आणि त्यालगतच्या बागलाणात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. सहभागी होणाऱ्यांना 'माऊल्या' म्हणतात. त्यात तरुणांचा भरणा मोठा असतो. कित्येक दिवस ते घरापासून अलिप्त राहतात, मद्यमांस वर्ज्य करतात, संयमाने वागतात, पावरीच्या सुरावर गात-नाचत गावोगाव फिरतात आणि शेवटी पौर्णिमेच्या सुमारास रात्री डोंगर चढून देवाच्या ठिकाणी जातात. सातपुड्यात होळीला बावा-बुध्या होणारे तरुण अंगावर ठिपके रंगवून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून रात्रभर नाचतात. छायाचित्रांत आपण पाहतो तो हा भाग. छायाचित्रात न येणारा भाग त्याआधीच्या 'पाळणी'चा असतो. खाटेवर झोपायचे नाही, पायात काही घालायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. काठीच्या राजवाडी होळीला दूरवरून पर्यटक जातात. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

भोंगऱ्या बाजाराच्या बाबतीत तर आम्हा वृत्तपत्रवाल्यांचाच दोष अधिक. होळीपूर्वीचा हा बाजार म्हणजे तरुण-तरुणींच्या पलायनाचा मेळा, अशी चटकदार वर्णने वर्षानुवर्षे छापली गेली. होळीसाठी लागणारे गूळ, डाळ्या, हार-कडे आणि कापडचोपड घेण्याचा तो बाजार आहे. त्या वर्णनांचा परिणाम असा, की तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारी पावरा मुलगी आपण भोंगऱ्याला जातो हे सांगायला संकोचते. स्वास्थ्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत हा संकोचही मोजला पाहिजे.

येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. पाळणीला 'व्यसनमुक्ती कार्यक्रम' असे नाव देऊन तिच्यावर शासकीय फलक लावणे, हा तिचा नाश करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. आरोग्य कार्यकर्त्याने तेथे पाहुणा म्हणून जावे. पाळणीतल्या मुलांशी बोलायचे असेल, तर पुजाऱ्याला आणि गावच्या कारभाऱ्याला विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळी. बोलण्याचा विषयही तेथूनच निघतो. 'एवढे दिवस निभावलेस, पुढे काय?' हा प्रश्न गावातल्या वडीलधाऱ्याने विचारला तर त्याला वजन असते. समुपदेशकाने छापील प्रश्नावलीतून विचारला तर नसते.

गडचिरोलीचा धडा

महाराष्ट्रात या दिशेने सर्वाधिक विचारपूर्वक झालेला प्रयोग गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. गोंड लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तरे अनपेक्षित होती. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि पांढऱ्यात तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात, दवाखान्यात देव नाही. त्यानुसार शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. डॉ. राणी बंग यांचा 'तारुण्यभान' हा उपक्रम त्याच संस्थेचा. लैंगिकता, प्रेम, व्यसन, विवाह यांविषयी मुला-मुलींशी आडपडदा न ठेवता बोलणारा.

हे सारे जसेच्या तसे उचलून धुळ्यात आणावे, असे नाही. दंतेश्वरी इथली नाही. इथे याहामोगी आहे, डोंगऱ्यादेव आहे. गडचिरोलीकडून घ्यायचे ते एवढेच, की आधी विचारावे आणि मिळालेल्या उत्तरावर भिंतीसुद्धा बदलाव्यात. आदिवासी आरोग्यावर केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालातही व्यसने आणि मानसिक अनारोग्य यांना कुपोषणाइतकेच गंभीर स्थान दिले आहे.

रक्तातली गोष्ट

सांस्कृतिक आधाराची कसोटी लागते ती सिकलसेलच्या बाबतीत. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, सांध्यांत-हाडांत असह्य कळा येतात, रक्त कमी होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. म्हणूनच त्याला आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. खानदेशातील भिल्ल, पावरा, मावची समाजांत हा दोष आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब, विद्राव्यता चाचणी आणि ती सकारात्मक आली तर प्रयोगशाळेत खात्री.

अवघड आहे ते पुढचे. विशीच्या तरुणाला तू वाहक आहेस असे सांगितले, की त्याला ऐकू येते ते 'तुझ्यात खोट आहे' असे. मुलीच्या बाबतीत तर ते लग्न मोडण्याचे कारण होते. येथे समाजाची स्वतःची व्यवस्था उपयोगी पडते. एका कुळात लग्न करीत नाहीत, हा नियम भिल्ल-पावऱ्यांत कसोशीने पाळला जातो. सोयरीक ठरण्यापूर्वी पंच बसतात, कुळ विचारतात, मग देजाचे बोलणे होते. या विचारपुशीत 'दोघांची कार्डे पाहिली का?' हा प्रश्न बसू शकतो, कारण लग्नापूर्वी रक्ताचा विचार करावा ही कल्पना त्या समाजाला परकी नाही. मात्र तो प्रश्न पंचांनी स्वीकारला पाहिजे, आणि दोघांचेही कार्ड पाहिले पाहिजे. केवळ मुलीचे पाहिले जाऊ लागले, तर आपण एका आजाराचा सामना करताना दुसरा अन्याय वाढवला असे होईल. वाहकाने सामान्य जोडीदाराशी लग्न केल्यास रुग्ण मूल जन्मत नाही, हे वाक्य भिल्ली, पावरी, मावची आणि कोकणीत, त्या त्या भाषेच्या माणसाकडून, पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी आहेत, ज्या वैद्यकीय पुस्तकात सापडतात, पण आदिवासी जीवनाशी जोडून कोणी सांगत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला पाण्याची कमतरता, थंडी आणि अतिश्रम यांतून कळा सुरू होतात. होळीला रात्रभर नाचणाऱ्या मुलाला नाचू नकोस असे सांगणे व्यर्थ आहे. नाचाच्या रिंगणाजवळ पाण्याची टाकी ठेवणे आणि त्याने मध्ये बसून घ्यावे असे ढोलवाल्याला सांगून ठेवणे शक्य आहे. उसाच्या फडात पहाटेच्या थंडीत गाडी भरणाऱ्याला तर कोणीच काही सांगत नाही. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत धावणारा मुलगा रुग्ण आहे किंवा कसे, हे क्रीडाशिक्षकाला ठाऊक हवे. रुग्णाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणे योग्य नाही. पण गोळीची यादी शाळेकडे, सिकलसेलची यादी आरोग्य केंद्राकडे आणि मुलाचा प्रवेश आदिवासी विकास प्रकल्पाच्या दप्तरात. या तीन याद्या एका मेजावर येणे, याचेच नाव समन्वय. बाकी बैठका पुष्कळ होतात.

काय सोडायचे

संस्कृतीचा आधार घ्यायचा म्हणजे तिच्यातले सारे शिरोधार्य मानायचे, असा अर्थ कोणी काढू नये. एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार नंदुरबारच्या दुर्गम भागात घडले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध तेथे काम केले, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याला शिक्षेची जोड दिली. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या सळईने डागण्याची 'डंबा' नावाची रीत आहे. तिचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. पण मेळघाटातच प्रशासनाने भूमकांना, म्हणजे तेथल्या पारंपरिक वैदूंना, शत्रू न मानता रुग्ण दवाखान्यात आणणारे सहकारी म्हणून जोडण्याचा प्रयत्न केला. अनुभव असा, की भगत-बडव्याची खिल्ली उडवणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण शेवटच्या क्षणी येतो.

काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या समाजातील स्त्रियांना आणि तरुणांना असावा. शहाद्यात तो त्यांनी मागून घेतला नव्हता. बजावला होता.

सोनगीरचे कोडे

आता पुन्हा सोनगीरकडे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव धुळे तालुक्यात आहे. महामार्गाने उत्तरेला गेले की शिरपूर आणि सातपुडा, वायव्येची वाट चिमठाणे-दोंडाईचामार्गे शहाद्याकडे जाते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के. परंतु धुळे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र साक्री आणि शिरपूर तालुक्यांच्या काही भागांपुरतेच. धुळे आणि शिंदखेडा तालुके त्याबाहेर. म्हणजे सोनगीरच्या आसपासच्या प्रत्येक गावाच्या कडेला भिल्लवस्ती आहे, पण ती 'आदिवासी क्षेत्रात' नाही. क्षेत्रासाठीच्या विशेष योजना, ग्रामसभेचे विशेष अधिकार, वाढीव मनुष्यबळ रेषेपलीकडे थांबते. सिकलसेलचे जनुक मात्र ही रेषा मानीत नाही.

या सपाटीवरच्या भिल्ल तरुणाची अडचण डोंगरातल्यापेक्षा निराळी आहे. त्याला ना जंगल उरले, ना पाळणी, ना पुजारा. घरात बोलली जाते ती बहुधा अहिराणी. शाळेत त्याच्या वस्तीचे नाव घेऊन त्याला हिणवतात. सांस्कृतिक आधार कशाचा घ्यायचा, असा प्रश्न येथे प्रामाणिकपणे पडतो. परंतु संस्कृती म्हणजे जुनेच असे नाही. गेल्या दोन-तीन दशकांत एकलव्याच्या नावाने तरुण मंडळे उभी राहिली. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, जो संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये जाहीर केला, तो आज धुळे-नंदुरबारच्या गावागावांत मिरवणुकीने साजरा होतो. डोंगरातले ढोल आणि सपाटीवरचे ध्वनिवर्धक त्यात एकत्र वाजतात. शहरी माणसाला तो गोंगाट वाटेल. एरवी वस्तीबाहेर दबकून वावरणारा मुलगा त्या दिवशी गावच्या मुख्य रस्त्यावरून मान वर करून चालतो.

समन्वयकाने वर्षाची आखणी येथून सुरू करावी. ९ ऑगस्टच्या मिरवणुकीनंतर मंडळाच्याच पोरांनी मांडलेल्या मेजावर रक्ताचा थेंब घेतला, तर दिवाळीपर्यंत अडीच-तीन महिने हाताशी राहतात. सकारात्मक चाचण्यांची प्रयोगशाळेतून खात्री करून घेणे, वस्तीत बसून प्रत्येकाला त्याचा अर्थ एकांतात सांगणे, रुग्णांची औषधे सुरू करणे, हे सारे मालमोटारी निघण्यापूर्वी होऊ शकते. पुढचा टप्पा होळीचा, मजूर परत येतात तेव्हाचा. त्यानंतर आखाजी, जेव्हा माहेरवाशिणी गावात असतात आणि झोक्यांवर गाणी चालू असतात. मुलींशी बोलायला खानदेशात याहून चांगला मुहूर्त नाही. शाळेचे सत्र, आर्थिक वर्ष आणि लक्ष्यांक यांना या आखणीभोवती फिरवावे लागेल, आणि ते काम जिल्हा परिषद, आदिवासी विकास प्रकल्प व शिक्षण विभाग यांच्या बैठकीत कोणी तरी चिकाटीने मांडावे लागेल. त्यासाठी नेमलेला माणूस कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी असेल, तर बारावा महिना बहुधा होळीचा निघतो.

राहता राहिला फडावरचा काळ. गुजरात राज्याने २००६ पासूनच सिकलसेलचा कार्यक्रम राबवला आहे. त्यामुळे बारडोलीकडच्या डॉक्टराला या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याला फक्त समोरचा मुलगा रुग्ण आहे हे कळायला हवे. कार्डावरचा मजकूर मराठीबरोबर गुजरातीतही छापावा, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावे, कारण ते जाणार आहे गोधडीच्या गाठोड्यात, आणि मालमोटारीतली पहिलीच रात्र दवात भिजलेली असते.